निकुमारोरो: पाण्यावाचून उठलेलं गाव आणि अमेलियाचा शोध

सुवा ते निकुमारोरो

१९३७ मध्ये बेपत्ता झालेली अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट हिच्याशी ज्याचं नाव जोडलं जातं ते निकुमारोरो बेट फिजीतल्या सुवा बंदरापासून उत्तर-ईशान्येला सुमारे ९०० सागरी मैलांवर आहे. आठ नॉटने (ताशी आठ सागरी मैल) चालणाऱ्या बोटीला पाच दिवस लागतात. सामोआच्या आपियाहून गेलं तर अंतर सहाशे मैलांच्या आत येतं, पण भाड्याच्या बोटी, डिझेल आणि रसद यांची सोय सुव्यातच चांगली. विमानाचा प्रश्नच नाही. बेटावर धावपट्टी नाही आणि माणूसही राहत नाही.

हा फिनिक्स द्वीपसमूह किरिबाटी देशाचा. आठ बेटांपैकी फक्त कॅन्टनवर वस्ती आहे, तीही मोजक्या कुटुंबांची, आणि ते निकुमारोरोपासून दोनशे सागरी मैल दूर. हा सगळा भाग संरक्षित असून २०१० पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्यामुळे तारावा या राजधानीतल्या सरकारी कार्यालयाची परवानगी आधी हातात पाहिजे आणि किरिबाटीचा एक अधिकारी बोटीवर पाहिजे. आमच्याबरोबर आलेले गृहस्थ तारावाचे होते, समुद्रावरच वाढलेले. सकाळी डेकवर आले की प्रत्येकाला 'माउरी' म्हणत, आणि आकाशाकडे बघून दुपारपर्यंत पाऊस येणार की नाही ते सांगत.

आग्नेय वारे बोटीच्या उजव्या कुशीवर आदळतात, म्हणून बोट पुढेमागे कमी आणि आडवी जास्त हलते. मळमळीची गोळी निघायच्या आदल्या रात्रीच घ्यावी. पोट एकदा ढवळल्यावर ती टिकत नाही. झोपायला बोटीच्या मध्यातली, खालची जागा मागून घ्यावी. खाण्याचे मात्र हाल नाहीत. आचारी गिरमिटियांच्या, म्हणजे भारतातून करारावर फिजीला नेलेल्या मजुरांच्या, घरातला होता. दुपारी पोळी, डाळ आणि गळाला लागलेल्या टूनाचा रस्सा, तर संध्याकाळी कोकोंडा. कोकोंडा म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, वरून नारळाचं दूध, कांदा आणि मिरची. तो करायचा त्याच दिवशी खावा, उरवू नये.

घड्याळ एक तास पुढे करायचं, तारीख तीच ठेवायची. वाटेत १८० अंशाचं रेखावृत्त ओलांडलं जातं, पण १९९५ पासून किरिबाटीने वाररेषा आपल्या बेटांच्या पूर्वेला नेली आहे. भरतीचं कोष्टक काढताना इथे हमखास घोटाळा होतो. काही संगणकप्रणाली या बेटांना अजून जुनी तारीख लावतात आणि मग आख्खा एक दिवस चुकतो.

वाटेत वाचायचं ते

समुद्रातल्या दिवसांत अमेलिया इअरहार्टची कागदपत्रं वाचून घ्यावीत. बेटावर वाचायला वेळ मिळत नाही. १९३७ च्या जूनमध्ये ती विषुववृत्ताच्या बाजूने पृथ्वीप्रदक्षिणा करत होती. विमान लॉकहीड इलेक्ट्रा १०-ई, सोबत दिशादर्शक फ्रेड नूनन. १५ जूनला ती कराचीत उतरली. सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. १७ जूनला कोलकात्याच्या डमडमवर. तिथून अक्याबकडे निघाल्यावर मोसमी पावसाने विमानाच्या पंखांचा रंग उडवला आणि एकदा मागे फिरावं लागलं.

२ जुलैला न्यू गिनीतल्या लेहून ती हाउलंड या टीचभर बेटाकडे निघाली. अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर. हाउलंडजवळ थांबलेल्या 'इटास्का' जहाजाला तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, तिला मात्र जहाजाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. सकाळी ७:४२ ला, आपण तुमच्यावरच असायला हवं पण तुम्ही दिसत नाही, असा संदेश आला. ८:४३ ला, आम्ही १५७-३३७ (होकायंत्राचे अंश) रेषेवर उत्तर-दक्षिण उडत आहोत, असं ती म्हणाली. ही रेषा हाउलंडवरून आग्नेयेकडे वाढवली की सुमारे ३५० सागरी मैलांवर निकुमारोरोच्या जवळून जाते. तेव्हा बेटाचं नाव गार्डनर होतं. बेटाचा तिच्याशी संबंध जोडला जातो तो इथून. इंधन संपून विमान हाउलंडजवळच बुडालं, हे मत आजही अनेक जाणकारांचं आहे, हे मनात ठेवूनच पुढचं सगळं पाहावं.

बेटावरचा पहिला दिवस: उतरणं आणि नॉर्विच सिटी

पहाटे आधी झाडांची काळी रेघ दिसते, मग तिच्याखाली पांढरी फेसाची. बेट साधारण साडेसात किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद. मधे लगून, म्हणजे उथळ खारं तळं, भोवती जमिनीची अरुंद कडा. किनाऱ्यालगतच्या रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकाच्या, बाहेर तळ एकदम खोल जातो, त्यामुळे नांगर टाकायला जागा नाही. बोट पश्चिमेच्या वाऱ्याआडच्या बाजूला इंजिन चालू ठेवून तरंगत राहते. माणसं रबरी होडीने रीफ फोडून केलेल्या अरुंद चरातून किनाऱ्याला लागतात.

उतरण्याची पद्धत ठरलेली आहे. होडी लाटांच्या बाहेर थांबवायची आणि मोठ्या लाटा येऊन जाऊ द्यायच्या. पुढची शांतता सुरू झाली की थेट चरात शिरायचं आणि अर्ध्यात वेग कमी करायचा नाही. वेग कमी झाला की मागची लाट होडी आडवी करते आणि रीफच्या धारेवर टाकते. सामान जलरोधक पिशव्यांत, पिशव्या होडीला बांधलेल्या, पण माणसाने स्वतःला कशालाही बांधून घेऊ नये. पूर्ण ओहोटीला चरात पाणी पुरत नाही आणि पूर्ण भरतीला लाटा रीफवरून सरळ आत येतात, म्हणून भरती अर्धी चढल्यावर उतरावं. नोव्हेंबर ते मार्च पश्चिमेचे वारे कधीही उठतात. तेव्हा हीच बाजू उघडी पडते. मोहिमा जून ते ऑगस्टमध्ये येतात त्या याचसाठी.

वायव्य टोकाला नुतिरान. रीफवर 'नॉर्विच सिटी' या ब्रिटिश मालवाहू जहाजाचे अवशेष आहेत. २९ नोव्हेंबर १९२९ च्या रात्री, मेलबर्नहून रिकामं परतताना ते वादळात इथे चढलं आणि पेटलं. ३५ पैकी ११ जण गेले. वाचलेले काही दिवस किनाऱ्यावर राहिले आणि सुटका होताना उरलेली शिधासामग्री मागे ठेवून गेले. आता बॉयलर, इंजिनाचा भाग आणि गंजलेले पत्रे एवढंच उरलं आहे. त्याच्या आजूबाजूचा रीफ काळपट आणि बुळबुळीत आहे. या समुद्रात लोह फार कमी असतं. जहाजाच्या गंजातून ते सुटतं, त्यावर शेवाळ माजतं आणि प्रवाळाला जागा उरत नाही. इथे साध्या सॅंडल चालत नाहीत. जाड तळाचे, घोटा झाकणारे रीफबूट घालावेत आणि हातात काठी ठेवावी. प्रवाळाने कातडी खरचटली तर लगेच गोड्या पाण्याने घासून धुवावी आणि जंतुनाशक लावावं. उष्णतेत ती जखम दोन दिवसांत चिघळते.

जहाजाच्या उत्तरेकडचा रीफ सपाट आहे आणि ओहोटीला जवळजवळ कोरडा पडतो. विमान इथे उतरलं असावं, अशी मांडणी रिक गिलेस्पी आणि त्यांची 'टायगर' ही संस्था १९८९ पासून करत आहे. या मांडणीतला सगळ्यात वजनदार मुद्दा रेडिओचा आहे. २ जुलैनंतर काही रात्री मदतीचे संदेश ऐकल्याच्या नोंदी आहेत. ते खरे असतील तर विमान पाण्यात असणं शक्य नाही, कारण बॅटरी भरायला इंजिन चालवावं लागतं आणि त्यासाठी पंखा पाण्याबाहेर हवा. मग भरती आणि लाटांनी विमान धारेवरून खाली ढकललं, असं पुढचं अनुमान. ९ जुलैला 'कोलोराडो' युद्धनौकेची विमानं वरून गेली. वैमानिकांना अलीकडच्या वस्तीच्या खुणा वाटल्या, पण घिरट्या घालूनही कुणी बाहेर आलं नाही आणि विमान दिसलं नाही. २०१९ मध्ये समुद्रसंशोधक रॉबर्ट बॅलार्ड यांनी 'नॉटिलस' जहाजावरून रीफखालचा उतार यंत्रमानवाने धुंडाळला. विमानाचा तुकडाही मिळाला नाही.

दुसरा दिवस: काराका

बहुतेक प्रवासी या दिवशी घाई करतात आणि १९४० मध्ये माणसाची हाडं मिळाली त्या जागेकडे धावतात. तसं करू नये. बेटाची पुराव्याने उभी असलेली गोष्ट काराका या उठून गेलेल्या गावातच आहे.

१९३० च्या दशकात गिल्बर्ट बेटांच्या (ब्रिटिश वसाहत, आता किरिबाटीत) दक्षिण भागात जमिनीवर माणसांचा भार झाला होता. वसाहतीतले अधिकारी हॅरी मॉड यांनी फिनिक्स बेटांवर काही कुटुंबं हलवायची योजना मांडली. लंडनचा यात आणखी एक हेतू होता. प्रशांत महासागरावरून विमानसेवा सुरू होणार होत्या आणि अमेरिकेनेही या बेटांवर डोळा ठेवला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये मॉड, एरिक बेव्हिंग्टन आणि गिल्बर्टचे प्रतिनिधी बेट पाहून गेले. दाट बुका वृक्षांनी भरलेलं बेट पाहून त्या प्रतिनिधींना आपल्या परंपरेतल्या नेई मांगानिबुका या देवतेचं निकुमारोरो आठवलं. नाव तिथून आलं.

डिसेंबर १९३८ मध्ये पहिली तुकडी उतरली. जून १९३९ पर्यंत ५८ माणसं झाली: १६ पुरुष, १६ बायका, २६ मुलं. सुरुवातीचे महिने पिण्याच्या पाण्याच्या शोधात गेले. विहीर खणली की खारं पाणी, पुन्हा दुसरीकडे खणायचं.

याचं कारण जमिनीतच आहे. प्रवाळद्वीपावर पावसाचं पाणी सच्छिद्र चुनखडीत मुरतं आणि खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तवंगासारखं तरंगतं. जमीन रुंद असेल तर थर जाड होतो, अरुंद असेल तर पातळ राहतो आणि दोन्ही बाजूंनी खारं पाणी मिसळत जातं. निकुमारोरोची कडा बऱ्याच ठिकाणी काहीशे मीटरच रुंद आहे. त्यात पाऊस बेभरवशाचा. एल निन्योच्या वर्षी कोसळतो आणि ला निन्यात महिनोन्‌महिने येत नाही. विहीर खोल खणणं हा इथे उपाय होत नाही, कारण खोल गेलं की खारंच लागतं. उथळ खणायचं, थोडं थोडं उपसायचं आणि छपरावरचं पाणी साठवायचं, एवढंच हातात होतं. गावात सिमेंटची टाकी आजही उभी आहे. गावाचा भार कशावर होता ते तिच्यापाशी उभं राहिल्यावर कळतं.

योजनेचा प्रभारी अधिकारी जेराल्ड गॅलघर १९४० मध्ये इथे राहायला आला. गाव नीट आखलेलं होतं. प्रवाळाच्या लाद्यांनी कड घातलेला सरळ रस्ता, ध्वजस्तंभ, विश्रामगृह, दुकान, रेडिओची खोली. रस्त्याच्या लाद्या आजही हाताला लागतात, पण वर नारळांचं रान माजलं आहे. गॅलघर २७ सप्टेंबर १९४१ ला, वयाच्या २९ व्या वर्षी याच बेटावर वारला. त्याच्या थडग्याचा चौथरा ध्वजस्तंभाजवळ आहे.

पुढे युद्ध आलं आणि पुरवठ्याच्या बोटी विरळ झाल्या. सुकं खोबरं हे एकच विकण्याजोगं पीक होतं. बुका तोडून लावलेला माड फळाला यायला सहासात वर्षं घेतो, आणि दुष्काळात फळ धरत नाही. माडाच्या ताज्या नीरेमुळे मुलांना जीवनसत्त्वं मिळत, मासळी होतीच, पण पाण्याला पर्याय नव्हता. पन्नाशीच्या दशकात लोकसंख्या शंभराच्या आसपास गेली, तेवढीच. १९६३ मध्ये सरकारने लोकांना सॉलोमन बेटांवर हलवलं. पंचवीस वर्षं लोकांनी जीव तोडून बेट राखलं. या गावाला अपयशी म्हणताना योजना कुणाची होती आणि खांद्यावर पाणी कुणी वाहिलं, एवढं तरी वेगळं सांगायला हवं.

फिरताना वरचेवर माथ्यावर बघावं, कारण सुटलेले नारळ वाऱ्यात पडतात. विहिरीचे जुने खड्डे पाल्याने झाकलेले असतात, म्हणून पुढच्याने काठी टेकत जावं आणि बाकीच्यांनी त्याच्या पावलांवर. बाटली, पत्रा, लादी, काहीही उचलायचं नाही. जागेवरच फोटो काढायचा.

तिसरा दिवस: लगूनपलीकडची जागा

पश्चिमेच्या तातिमान खिंडीतून छोटी होडी लगूनमध्ये जाते, तीही भरतीलाच. आत पाणी उथळ आणि दुधट हिरवं. काळ्या टोकाचे छोटे शार्क होडीभोवती येतात. ते अंगावर येत नाहीत, पण कापलेली मासळी पाण्यात टाकू नये.

आग्नेय भागात, वाऱ्याकडच्या बाजूला, सात या आकड्यासारखी दिसणारी मोकळी जागा आहे. गॅलघरला १९४० मध्ये हाडं मिळाली ती इथेच, असं टायगरचं म्हणणं आहे. त्याच्या तारांमध्ये कवटीसकट तेरा हाडं, बाईच्या बुटाचा भाग, सेक्स्टंट या दिशादर्शनाच्या उपकरणाची पेटी, बेनेडिक्टिन या मद्याची बाटली, विझलेली चूल आणि पक्ष्या-कासवांची हाडं यांची नोंद आहे. हाडं फिजीला गेली. १९४१ मध्ये सुव्यातल्या वैद्यकीय शाळेचे डॉ. हूडलेस यांनी ती पुरुषाची ठरवली. नंतर हाडं हरवली, मापं तेवढी कागदावर राहिली. २०१८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड जॅन्ट्झ यांनी ती मापं पुन्हा तपासून अमेलियाशी चांगली जुळतात असं म्हटलं. उत्खननात शंख-शिंपले, चुलींचे थर, काचेच्या बरणीचे आणि आरशाचे तुकडे मिळाले.

हे सगळं विचार करायला लावणारं आहे, पण ठाम निष्कर्षाला पुरत नाही. या जागेवर नंतर वसाहतीतले लोक काम करत होते. १९४४ पासून दक्षिण टोकाला अमेरिकन तटरक्षक दलाचं लोरान केंद्र (जहाजं-विमानांना रेडिओने ठिकाण कळवणारं) होतं, पंचवीस माणसांचं, आणि त्यांचीही इथे ये-जा होती. जमिनीत सगळ्यांच्या वस्तू मिसळल्या आहेत. या बेटावर कुणीतरी चूल पेटवून काही काळ काढला आणि मेलं, एवढं नक्की. तेही माणूस बहुधा पाण्यावाचूनच गेलं असावं, असं आम्हाला वाटतं.

लगूनच्या काठाने चालत येणं नकाशावर सोपं दिसतं. वाटेत 'माओ' नावाची झुडपं आहेत, फांद्या एकमेकींत अडकलेल्या आणि वाकणाऱ्या. कोयता त्यांच्यावरून उसळतो. फांदी एका हाताने ताणून धरून तिरका घाव घालावा आणि दोन माणसांत किमान दोन मीटर अंतर ठेवावं. शंभर मीटरला अर्धा तास सहज जातो आणि झुडपांत वारा अजिबात लागत नाही. माणशी सहा लिटर पाणी, क्षार-साखरेची पाकिटं, लांब बाह्यांचा सदरा, आणि अकरा ते तीन सावलीत बसणं. आमच्याबरोबरचे अधिकारी दर वीस मिनिटांनी सगळ्यांना थांबवून पाणी प्यायला लावत, तहान असो नसो. घाम येणं थांबलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, की काम तिथेच बंद करून त्याला लगूनच्या पाण्यात बसवावं आणि बोटीवर न्यावं. इथून इस्पितळ कित्येक दिवसांच्या अंतरावर आहे.

खरं आश्चर्य संध्याकाळी बाहेर पडतं. नारळखेकडा: चार किलोपर्यंत वजन, पाय पसरले तर मीटरभर रुंद, रंग निळसर जांभळा. तो झाडावर चढतो आणि डबा, चपला, दोर, हाताला येईल ते ओढून नेतो. खाणं जमिनीवर ठेवू नये, तारेने टांगावं. हाडं कमी का मिळाली याचं उत्तर याच प्राण्यात शोधलं जातं, आणि त्याची ताकद पाहिल्यावर ते पटतं. इथे त्याला पकडायची परवानगी नाही.

चौथा दिवस आणि परत

दक्षिण टोकाच्या लोरान केंद्राचे सिमेंटचे तुकडे आणि गंजके खांब तासाभरात पाहून होतात. उरलेला वेळ लगूनच्या उत्तर काठावरच्या ताराईया भागाला द्यावा. उपग्रहचित्रात तिथे पाण्याखाली एक लांबट आकार दिसतो. तो विमानाचा सांगाडा असू शकतो, असं म्हणत पर्ड्यू विद्यापीठाने २०२५ मध्ये मोहीम जाहीर केली. प्रत्यक्ष खणून पाहीपर्यंत तो एक आकारच आहे. २०२४ च्या सुरुवातीला समुद्रतळावर विमानासारखी दिसलेली एक सोनार-प्रतिमा त्याच वर्षी खडक निघाली होती.

निघताना बूट, पिशव्यांच्या शिवणी आणि कपड्यांच्या घड्या ब्रशने साफ कराव्यात. एका बेटाचं बी किंवा मुंगी दुसऱ्या बेटावर गेली तर तिथल्या पक्ष्यांचं घर मोडतं.

गावाची पुढची गोष्ट ज्यांना पाहायची आहे त्यांनी सॉलोमन बेटांना जावं. निकुमारोरोचे लोक १९६३ मध्ये पश्चिमेकडच्या वाघिना बेटावर वसवले गेले. त्याआधी पन्नाशीच्या दशकात फिनिक्समधल्याच मानरा बेटाचे लोक गिझोला आले होते. सॉलोमनची राजधानी होनियारा इथून विमान गिझोसमोरच्या नुसातुपे या बेटुकल्यावर उतरतं आणि पुढे होडीने दहा मिनिटांत गिझो. तिथल्या तितियाना या गिल्बर्टी गावाला २ एप्रिल २००७ च्या त्सुनामीने झोडपलं. समुद्र मागे हटला की डोंगरावर पळायचं, हे शेजारच्या मूळ गावांना वाडवडलांकडून माहीत होतं. सपाट प्रवाळद्वीपावरून आलेल्यांकडे ती शिकवण नव्हती, आणि त्यांची माणसं, विशेषतः मुलं, जास्त गेली. गावात जाण्याआधी गिझोत कुणाकडून तरी निरोप पाठवावा, रविवारची प्रार्थनेची वेळ टाळावी, आणि निकुमारोरोचे फोटो छापून सोबत न्यावेत.